मैत्रीच्या मालिका : रुग्णेतिहासातील एक राहून गेलेला प्रश्न

रुग्णाचा इतिहास घेताना आपण भूक विचारतो, झोप विचारतो, शौच-लघवीची चौकशी करतो, तंबाखू आणि मद्याविषयी खोदून विचारतो. अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे : टीव्ही किती वेळ पाहता? वजन, डोळे, निद्रा आणि बैठी जीवनपद्धती यांच्या दृष्टीने हा प्रश्न योग्यच आहे. परंतु 'तीन-चार तास' असे उत्तर आले की आपण कपाळाला आठी घालतो, 'कमी करा' असे बजावतो आणि पुढच्या तक्रारीकडे वळतो. काय पाहता आणि कोणाबरोबर पाहता, हे विचारायचे राहूनच जाते. या राहून गेलेल्या प्रश्नाच्या उत्तरात कित्येकदा निदानाला उपयोगी पडणारा धागा असतो, विशेषतः रुग्ण मैत्रीवरच्या मालिका पुन्हापुन्हा पाहत असेल तर, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

लेखक स्वतः अशा मालिकांचा जुना रसिक आहे, हे आधीच सांगून टाकणे बरे. त्यामुळे विवेचनात थोडा पक्षपात आढळल्यास वाचकांनी तो सांभाळून घ्यावा.

आपल्याकडील बहुसंख्य मालिका नात्यागोत्यांच्या असतात. सासू, सून, जाऊ, नणंद, दीर यांच्या गुंत्यात मैत्रीला ताटातल्या लोणच्याइतकीच जागा मिळते. मैत्री हाच मुख्य विषय असलेल्या मालिका मोजक्या, पण त्यांचे चाहते विलक्षण निष्ठावान. दूरदर्शनवर १९८६-८७ साली दाखवली गेलेली 'नुक्कड' आठवून पाहावी. कुंदन शाह आणि सईद अख्तर मिर्झा यांनी ती दिग्दर्शित केली होती. शहरातला एक कोपरा, तेथे विजेची दुरुस्ती करणारा गुरू, सायकलचे पंक्चर काढणारा हरी, हॉटेलवाला कादरभाई, शिकवणाऱ्या टीचरजी, भिकारी घनशू आणि सदैव झिंगलेला खोपडी. यांच्यात रक्ताचे नाते कोणाचेच नव्हते, आणि कोणाकडे पैसाही नव्हता. खोपडीची भूमिका करणारे समीर खक्कर २०२३ साली निवर्तले, तेव्हा सदतीस वर्षांपूर्वीच्या त्या पात्राच्याच नावाने लोकांनी हळहळ व्यक्त केली. नटाचे खरे नाव अनेकांना त्या दिवशी प्रथमच कळले असावे.

अमेरिकेतील 'फ्रेंड्स' ही मालिका २२ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाली आणि ६ मे २००४ रोजी संपली. दहा पर्वे, २३६ भाग. आपल्याकडे केबलवरून ती आली आणि तिने एका अख्ख्या पिढीला न्यूयॉर्कमधल्या एका कॉफी-हाऊसचा सोफा तोंडपाठ करून दिला. पहिल्याच भागात लग्नमंडपातून पळून आलेली रेचेल नववधूच्या वेषात त्या कॉफी-हाऊसमध्ये शिरते आणि मित्रमंडळींच्या घरी आसरा घेते. मराठी वाचकांना यावरून लगेच झी मराठीवरील 'दिल दोस्ती दुनियादारी' आठवेल. ९ मार्च २०१५ ते २० फेब्रुवारी २०१६ या काळात ती चालली. लग्न करून मुंबईत आलेल्या रेश्माला नवरा दुसरीकडे गुंतलेला असल्याचे कळते, आणि ती ज्या घरात राहू लागते तेथे कैवल्य, सुजय, आशू, मीनल आणि अ‍ॅना यांचे बिऱ्हाड असते. त्या घराचे नाव 'माजघर'. हे नाव ज्याला सुचले त्याला दाद द्यावीशी वाटते. जुन्या वाड्यात ओसरीवर परका बसे, स्वयंपाकघर सोवळ्याचे असे, आणि त्या दोहोंमधले माजघर घरच्या माणसांचे असे. पाहुण्याला तेथवर सहसा प्रवेश नसे. एकमेकांशी काडीचेही नाते नसलेल्या सहा जणांच्या भाड्याच्या घराला हे नाव देणे, यात सगळी मालिका आली.

'दुनियादारी' या शब्दामागे अर्थातच सुहास शिरवळकरांची कादंबरी आणि तिच्यावर संजय जाधव यांनी २०१३ साली काढलेला चित्रपट उभा आहे. पुण्यातल्या महाविद्यालयाचा तो कट्टा मराठी वाचकांना नव्याने सांगायला नको.

या परंपरेतली सर्वांत अलीकडची, आणि आपल्या अगदी शेजारची मालिका म्हणजे 'पंचायत'. कथेतले फुलेरा गाव उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातले असले, तरी चित्रण झाले आहे ते भोपाळला लागून असलेल्या सिहोर जिल्ह्यातील महोडिया गावात. पहिले पर्व ३ एप्रिल २०२० रोजी आले, म्हणजे देशव्यापी टाळेबंदी लागून दहाच दिवस झाले होते. कोविडच्या ड्यूटीवर असताना घरच्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी सचिवजी, विकास, प्रह्लाद आणि प्रधानपती यांची ती संध्याकाळची बैठक मोबाइलच्या पडद्यावर पाहिली. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस प्रह्लादचा सैन्यातला एकुलता एक मुलगा मारला जातो. तिसऱ्या पर्वात दिसतो तो पुत्रशोकाने खचलेला, दारूकडे वळलेला, घरात मन न रमणारा बाप. त्याचे मित्र त्याला उपदेश करत नाहीत. ते त्याच्याजवळ येऊन बसतात, त्याला कामाला सोबत नेतात, आणि त्याला एकटा पडू देत नाहीत. शोकग्रस्त माणसाशी कसे वागावे यावर वैद्यकीय पाठ्यपुस्तकातला कोणताही परिच्छेद इतका बोलका असल्याचे लेखकाला आठवत नाही.

या मालिका एकमेकींपासून भाषेने, देशाने, परिस्थितीने दूर आहेत. तरीही त्यांच्यात काही गोष्टी समान आहेत आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या आहेत. प्रत्येकीत एक ठरलेली जागा आहे. तेथे निमंत्रणावाचून जाता येते, फोन करून वेळ घ्यावी लागत नाही. आणि तेथे जमण्याला काही प्रयोजन नसते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ साली लिहिलेल्या ग्रंथात अशा जागेला 'तिसरी जागा' म्हटले. घर ही पहिली, कामाचे ठिकाण ही दुसरी, आणि दोन्हीकडच्या जबाबदाऱ्या बाहेर ठेवून जेथे बसता येते ती तिसरी.

भोपाळकरांना ही कल्पना समजून घेण्यासाठी अमेरिकी ग्रंथाची गरज नाही. आपल्या जुन्या शहरात तिचे नाव 'पटिया' असे होते. चौक, इब्राहिमपुरा आणि भोवतालच्या गल्ल्यांतून दुकानांपुढे आणि घरांपुढे दगडी फरश्या बसवलेल्या असत. दिवसा त्यांच्यावर माल मांडला जाई, आणि रात्री दुकाने बंद झाली की माणसे येऊन बसत. बुद्धिबळाचे डाव, शेरोशायरी, राजकारण, टिंगल, आणि मिठाची चिमूट घातलेला तो खास भोपाळी चहा. वकील, हमाल, शायर आणि शिंपी एकाच फरशीवर. कोण कोणत्या पटियावर सापडेल हे सगळ्यांना ठाऊक असे. पटियेबाजी करणारा माणूस निरुद्योगी समजला जाई हे खरे, पण एखादा पटियेबाज चार रात्री दिसला नाही तर त्याच्या घरी माणूस जाई. आजच्या भाषेत त्याला 'फॉलो-अप' म्हणता येईल.

आपल्या मराठी मंडळींची तिसरी जागा वेगळी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी बनले. त्याआधी जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. तेथील सचिवालयातले कर्मचारी, शिवाय ग्वाल्हेर आणि इंदूरकडची मराठी कुटुंबे भोपाळला आली. टी.टी. नगरातल्या सरकारी घरांत ती शेजारीशेजारी वसली. थोड्याच काळात भेलच्या कारखान्यामुळे पिपलानी आणि बरखेडा भागांतही मराठी घरे झाली. अंगणे लागून, नळ जवळजवळ, मुले एकाच शाळेत. मागच्या दाराने वाटी घेऊन येणे आणि वाटी परत करताना तासभर बसणे, हा त्या वस्तीतला मैत्रीचा रिवाज होता. १९५० साली फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी एम.आय.टी.च्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. लगतच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के जणांशी रहिवाशांची निकटची मैत्री जुळली होती, तर एकाच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण १० टक्के होते. अंतर होते काही पावलांचे. मैत्री स्वभावसाम्यावर जुळते अशी आपली समजूत असते. जिन्याची आणि टपालपेटीची जागासुद्धा ती ठरवते, हे त्या अभ्यासाने दाखवून दिले.

टी.टी. नगरातील त्या जुन्या घरांपैकी बरीचशी स्मार्ट सिटी प्रकल्पात पाडली गेली. त्यांतली मंडळी त्याआधीच अरेरा कॉलनीत, कोलार रस्त्याकडे, बंगल्यांत आणि फ्लॅटांत पांगली होती. घरे मोठी झाली, वाटी थांबली. पटियांचेही तसेच झाले. रहदारी वाढली, शहर पसरले, आणि टीव्ही घरोघर आल्यावर माणसे आत बसू लागली, असे जुने भोपाळी सांगतात. गंमत अशी की, ज्या खोक्याने पटिया ओस पाडला, त्याच खोक्यात 'नुक्कड' लागत असे. बाहेरचा कोपरा सोडून माणसे घरात बसून कोपरा पाहू लागली. तरी त्या काळी एका संचापुढे चार घरची माणसे जमत, त्यामुळे नुकसान पुरते जाणवले नाही.

आता या प्रेमाच्या मानसशास्त्राकडे वळू. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 'सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. पडद्यावरच्या व्यक्तीविषयी प्रेक्षकाला वाटणाऱ्या जवळिकीला त्यांनी 'पॅरासोशल' असे नाव दिले. आपण तिला एकतर्फी स्नेह म्हणू. ती व्यक्ती ठरल्या वेळी भेटते, तिचा स्वभाव आपल्याला पुरता ठाऊक असतो, ती कधी तुटकपणे वागत नाही. मात्र तिला आपण ठाऊक नसतो. हा निबंध प्रसारमाध्यमांच्या पत्रिकेत न येता मनोविकारशास्त्राच्या पत्रिकेत आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लेखकांनी या स्नेहाला सरसकट विकृती ठरवले नाही. वास्तवातल्या माणसांची जागाच तो घेऊ लागला तर मात्र चिंतेचे कारण आहे, असा त्यांचा रोख होता.

२००९ साली जे डेरिक, शिरा गेब्रियल आणि कर्ट ह्यूगेनबर्ग यांनी या विषयावरच्या चार प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसे एकटी वाटत असताना आपल्या आवडत्या मालिकेकडे वळतात आणि ती पाहताना त्यांचा एकटेपणा कमी होतो, असे त्यांना आढळले. आवडत्या मालिकेविषयी नुसते लिहायला सांगितले तरी दुरावल्याच्या भावनेने होणारी स्वाभिमानाची घसरण थोपवली जाते, असेही दिसले. सहज लागली म्हणून पाहिलेल्या कार्यक्रमाने हे साधत नाही. तेव्हा 'टीव्ही' ही एकच वस्तू मानून मोजमाप करणे हे 'गोळ्या घेतो' एवढ्यावर औषधाची नोंद करण्यासारखे आहे.

आणखी एक आकडेमोड वाचकांपुढे ठेवतो. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, नव्या गावी राहायला गेलेल्या आणि महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या लोकांची पाहणी केली. ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत होण्यास सुमारे ५० तास, मैत्रीत होण्यास सुमारे ९० तास, आणि जिवलग मैत्रीत होण्यास २०० हून अधिक तासांचा सहवास लागतो, असा त्यांचा अंदाज आहे. आता 'फ्रेंड्स'चे २३६ भाग घेऊ. प्रत्येकी सुमारे २२ मिनिटे धरली तर एकूण साडेशहाऐंशी तास होतात. म्हणजे एकदा पूर्ण पाहणारा मैत्रीच्या उंबरठ्यावर पोचतो, आणि तिसऱ्यांदा पाहणारा जिवलग होऊन बसतो. 'दिल दोस्ती दुनियादारी' आठवड्याचे सहा दिवस, सुमारे पन्नास आठवडे चालली. तिचा हिशोबही शंभर तासांच्या आसपास जातो. हॉल यांचे आकडे दुतर्फी सहवासाचे आहेत, त्यामुळे ही तुलना काटेकोर शास्त्रीय नव्हे, हे मान्य. पण आपल्या रुग्णाने गेल्या वर्षभरात कोणा हाडामांसाच्या माणसाबरोबर, काही कामावाचून, शंभर तास घालवले आहेत का, असे विचारून पाहावे. आणि तोच प्रश्न आपण डॉक्टरांनी स्वतःलाही विचारावा. कामाच्या निमित्ताने एकत्र घालवलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत, असेही हॉल यांना आढळले आहे. एकाच रुग्णालयात तीस वर्षे शेजारच्या खोलीत बसणारे दोन सहव्यावसायिक निवृत्तीनंतर परस्परांना फोन का करत नाहीत, याचे कोडे त्यामुळे थोडेसे उलगडते. गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात रात्री दोन वाजता जमलेली दोस्ती मात्र अजून टिकून असते. तेथे कामही होते, पण कामानंतरचे निरर्थक तासही भरपूर होते.

मालिका संपते तेव्हा काय होते, याचाही अभ्यास झाला आहे. 'फ्रेंड्स'चा अखेरचा भाग एकट्या अमेरिकेत सुमारे सव्वापाच कोटी लोकांनी पाहिला. त्यानंतर केरेन एयाल आणि जोनाथन कोहेन यांनी २७९ विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आवडत्या पात्राशी जडलेला स्नेह जितका दाट, तितका वियोगाचा त्रास अधिक. ज्यांना मुळातच एकटे वाटत होते त्यांनाही हा त्रास अधिक जाणवला. खऱ्या मैत्रीच्या ताटातुटीपेक्षा तो सौम्य होता, परंतु होता. आपल्याकडे 'दिल दोस्ती दुनियादारी' आटोपल्यावर त्याच वर्षी तिच्यातले काही कलाकार 'अमर फोटो स्टुडिओ' या नाटकात एकत्र दिसले, आणि २०१७ साली तोच कलावंतसंच घेऊन नव्या कथेची 'दिल दोस्ती दोबारा' आली. ती मात्र त्याच वर्षी आटोपली. माझ्या मते याचे कारण सोपे आहे. प्रेक्षकांना ते चेहरे नको होते, ते माजघर हवे होते.

'फ्रेंड्स'मधल्या चँडलरची भूमिका करणारे मॅथ्यू पेरी २८ ऑक्टोबर २०२३ रोजी मरण पावले, तेव्हा जगभरातल्या चाहत्यांना स्वतःचा मित्र गेल्याचे दुःख झाले. पेरी यांनी आपल्या व्यसनाची कहाणी २०२२ साली आत्मचरित्रात उघडपणे सांगितली होती. मृत्यूचे मुख्य कारण केटामाइनचा तीव्र परिणाम हे होते. बुडणे, हृदयधमन्यांचा विकार आणि बुप्रेनॉर्फिन यांचाही त्यात वाटा असल्याचे शवविच्छेदन अहवालात नमूद आहे. या प्रकरणात २०२४ साली ज्यांच्यावर आरोप ठेवले गेले त्यांत दोन डॉक्टर होते, आणि दोघांनीही पुढे गुन्हा कबूल केला. लक्षावधी लोकांनी ज्याला मित्र मानले, त्याच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याभोवती औषध विकणारे जमले होते, आणि त्यांत आपल्या व्यवसायातले होते. यावर अधिक काही लिहवत नाही.

एकटेपणाला आपण वैद्यकीय विषय का मानावे, असा आक्षेप येऊ शकतो. त्याचे उत्तर आता पुराव्यानिशी देता येते. ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत ३,०८,८४९ व्यक्तींचा समावेश होता आणि पाठपुरावा सरासरी साडेसात वर्षांचा होता. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो, आणि वर्षाला सुमारे ८,७१,००० मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. ज्या विकाराचे असे आकडे असते त्याच्यासाठी आपण केव्हाच चाचणी लिहून दिली असती.

चाचणी आहेही, आणि तिला रक्त लागत नाही. ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २००४ साली तीन प्रश्नांची एक लहान मापनपद्धती तयार केली. आपल्या भाषेत ते प्रश्न असे विचारता येतील : सोबतीला कोणी नाही असे तुम्हाला किती वेळा वाटते? आपल्याला वगळले जाते असे किती वेळा वाटते? आपण इतरांपासून तुटलो आहोत असे किती वेळा वाटते? 'क्वचितच' या उत्तरास १, 'कधीकधी'ला २ आणि 'वारंवार'ला ३ गुण. बेरीज ३ ते ९ या दरम्यान येते, आणि ६ किंवा अधिक आल्यास बरेच संशोधक एकटेपणा आहे असे धरतात. अडचण इतकीच की, आपल्या समाजातली माणसे या प्रश्नांना सरळ उत्तर देत नाहीत. 'छे हो, मुले रोज व्हिडिओ कॉल करतात' असे म्हणून मोकळी होतात. एकटे वाटते असे कबूल करणे म्हणजे मुलांवर ठपका ठेवणे, अशी त्यांची भावना असते. मालिकेविषयी मात्र ती मोकळेपणाने बोलतात. म्हणून आधी मालिका विचारावी आणि मग हे तीन प्रश्न घ्यावेत, असा लेखकाचा अनुभव आहे.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत. सत्तरीच्या एक मराठी बाई, पतिनिधनाला चार वर्षे झालेली, एक मुलगा पुण्यात आणि एक परदेशी. तक्रार रात्रीच्या धडधडीची आणि निद्रानाशाची. ई.सी.जी., थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळे ठीक. झोपेची गोळी आधीच कोणीतरी सुरू केलेली. टीव्हीचे विचारल्यावर त्यांनी सांगितले की, रात्री मोबाइलवर 'दिल दोस्ती दुनियादारी'चे जुने भाग पाहतात, एक झाला की दुसरा, कधी एक वाजतो. काय आवडते, असे विचारले. त्या म्हणाल्या, ''डॉक्टर, ती पोरं दार न वाजवता आत येतात हो.'' तीन प्रश्नांची बेरीज आठ आली. गेल्या महिन्यात घरी कोण कोण आले होते, याचे उत्तर त्यांना बराच वेळ आठवावे लागले. गॅसवाला आणि मोलकरीण, एवढेच निघाले.

अशा वेळी 'मालिका बंद करा' असे सांगणे म्हणजे कुबडी काढून घेऊन चालायला सांगणे होय. खिन्नता, भूक मंदावणे, जगण्यात रस नसणे ही लक्षणे असतील तर अर्थातच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायला हवे, आणि एकटेपणाच्या नावाखाली नैराश्य नजरेआड होऊ देता कामा नये. ती लक्षणे या बाईंत नव्हती. मी त्यांना मालिका चालू ठेवायला सांगितली, पण वेळ रात्रीची सोडून दुपारची करायला, आणि कोणाला तरी शेजारी बसवून पाहायला सांगितली. सोसायटीतल्या समोरच्या घरी एक बंगाली विधवा बाई राहत होत्या. सहा वर्षांची ओळख होती, ती लिफ्टपुरती. त्यांना मराठी येत नसल्याने 'माजघर' जमण्यासारखे नव्हते, म्हणून दोघींनी 'पंचायत' सुरू केली. सिहोरजवळचे गाव म्हणून एकदा रिक्षा करून दोघी महोडियाला जाऊन आल्या, असेही नंतर कळले.

तीन महिन्यांनी त्या तपासणीला आल्या. धडधड अधूनमधून होतेच, झोपेची गोळी निम्म्यावर आली होती, बेरीज आठावरून सहावर. पुढच्या भेटीसाठी मी दुपारी चारची वेळ लिहून दिली, तेव्हा त्यांनी ती सकाळची करून मागितली. चारला शेजारीण येते म्हणाल्या.